ताई, ही युक्ती जुनी आहे

चष्म्याची काडी निखळली ती नेमकी रस्ता ओलांडताना. भिंगरीच्या दोन्ही हातांत खोकं होतं, छत्री मानेत कशीबशी धरलेली, वरून भुरभुर पाऊस — आणि चष्मा नाकावर असा काही लोंबकळला की समोरून येणारी बस तिला दिसेना. बसवाल्याने हॉर्न दाबून ठेवला. ती धडपडत फुटपाथवर चढली आणि जे पहिलं दार उघडं दिसलं त्यात शिरली.

दैवही कधी कधी पत्ता बघून काम करतं. ते दार चष्म्याच्या दुकानाचं होतं.

"स्क्रू पडला," ती धापा टाकत म्हणाली.

"कुणाचा?"

"चष्म्याचा!"

"मग जमेल. दुसऱ्या स्क्रूचं काम आमच्याकडे होत नाही," काउंटरमागचा तरुण म्हणाला. "ते खोकं ठेवा ना खाली."

"नको."

"जमीन कोरडी आहे."

"तसं नाही. चष्म्याशिवाय मला लक्ष ठेवता येणार नाही."

"माझ्यावर? म्हणजे मी तुमचं खोकं घेऊन पळेन?"

"मी तुम्हाला ओळखत नाही."

"माझंच दुकान आहे हे. पळून पळून जाणार कुठे?" तो हसला. डाव्या हाताने त्याने एक बारीकसा स्क्रू चिमट्यात उचलला, काडी बसवली, काचा पुसल्या. भिंगरीने खोकं काही सोडलं नाही. मग त्यानेच काउंटरवरून वाकून चष्मा तिच्या नाकावर चढवला... आणि इतका वेळ रंगांचा नुसता ठिपका असलेला चेहरा एकदम स्पष्ट झाला.

"दिसतंय?"

"हो."

"काय दिसतंय?"

"तुमच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय."

त्याने खाली पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "सकाळपासून एवढी गिऱ्हाइकं आली, कुणी बोललं नाही."

"त्यांना नंबर लागलेत ना," भिंगरी म्हणाली आणि निघाली.

"अहो, पण खोक्यात आहे काय?" त्याने मागून विचारलं.

"जुनं सामान."

"कसलं?"

"जुनं!"

हा उद्धटपणा नव्हता, नियम होता. काय विकतो आणि कुठून विकतो हे अनोळखी माणसाला सांगायचं नाही. तो नियम भिंगरीने ठेच लागल्यावर केला होता.

सामान तिच्या आत्याचं. पहिल्या मजल्यावर आत्याचा फोटो स्टुडिओ होता. शाळांचे वर्गच्या वर्ग, नवी जोडपी, पासपोर्टसाठी श्वास रोखून बसलेली माणसं, सगळी त्या जिन्याने वर गेलेली. आता घरमालकाला जागा हवी होती, महिनाअखेरची मुदत दिली होती. आत्या भावाकडे, म्हणजे भिंगरीच्या घरी राहायला येणार. तिथल्या खोलीत पलंग आणि कपाट बसलं की माणसाला उभं राहायला जागा उरत नव्हती. म्हणजे जे विकलं जाईल ते विकायचं आणि उरेल ते भंगारवाल्याला. भिंगरी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या प्रवेशाची वाट पाहत बसली होती. "रिकामी आहेस तर हे कर," असं बाबा म्हणाले, आणि तिने एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर खातं उघडलं.

सुरुवातीला तोंड पोळलं. एकाने लेन्स घेतली आणि 'फुटकी निघाली' म्हणून परत पाठवली. परत आलेली लेन्स फुटकी होती खरी, पण आत्याची नव्हती. दुसरा लिलाव जिंकून गायब झाला. तिसऱ्याने जिंकल्यावर घासाघीस मांडली, वर धमकी दिली की भाव कमी कर, नाहीतर असा शेरा लिहीन की पुन्हा कुणी तुझ्या दारात उभं राहणार नाही.

मग भिंगरी ताकही फुंकून पिऊ लागली. प्रत्येक वस्तूच्या आत, सहज दिसणार नाही अशा जागी, ती सुईने एक बारीक खूण करायची आणि तिचा फोटो काढून ठेवायची. बदललेली वस्तू परत आली तर पुरावा हाताशी. पैसे आल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही. बोलायचं ते साइटवरच, खासगी नंबर द्यायचा नाही. कुणी हातोहात न्यायला येणार असेल तर भर दिवसा, चार माणसांत. आणि हे सगळं ती स्टुडिओतल्या संगणकावर काम करता करता मोठ्याने म्हणायची, लहानपणी पाढे म्हणायची तसं. "आत्या, ऐक. पैसे बुडवणाऱ्याला रोखलं तरी तो नवं नाव घेऊन येतो. एक ईमेल असला की झालं नवं खातं!"

खिडकीपाशी लेन्स पुसत बसलेली आत्या म्हणायची, "मला मेलीला काय कळतंय त्यातलं? चहा घेतेस?"

एकेक वस्तू गेली. शेवटी राहिली राणी.

राणी म्हणजे तीन पायांच्या घोडीवर उभा असलेला लाकडी कॅमेरा. चामड्याचा घडीघडीचा भाता, पितळी कड्या, मागे दुधी काच आणि वर काळं कापड. आत्याने आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक तिच्यातूनच पाहिलं होतं. भंगारवाला एकदा डोकावून गेला होता. पितळ वेगळं, लाकूड वेगळं, असं बोटानेच तोडून दाखवत होता. त्या दिवसापासून भिंगरीने मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी राणी त्याच्या हातगाडीवर चढता कामा नये.

पण राणीचा लिलाव काही केल्या पार पडेना. पहिल्या वेळी 'डावखुरा' नावाच्या कुणीतरी बरी बोली लावली. लगेच 'सावली' नावाच्या खात्याने तिच्यावर एवढी मोठी उडी मारली की बाकीचे गप्पच झाले. सावली जिंकली आणि तिचा निरोप आला: 'चुकून बोट लागलं. माफ करा.' भिंगरीने सावलीला रोखलं, पुन्हा लिलाव मांडला. या वेळी 'संधिप्रकाश' आला. तीच उडी, तेच चुकून लागलेलं बोट. आणि दुसऱ्या क्रमांकावर पुन्हा डावखुरा.

साइटचा नियम असा की पहिल्याने माघार घेतली तर दुसऱ्याला त्याच्या बोलीच्या रकमेत वस्तू देऊ करता येते. भिंगरीने देऊ केली. डावखुऱ्याचं उत्तर आलं:

'ताई, ही युक्ती जुनी आहे. आधी स्वतःच खोट्या नावाने मोठी बोली लावायची, मी जास्तीत जास्त किती देईन ते काढून घ्यायचं आणि मग माझ्या गळ्यात मारायचं. तुमचा कॅमेरा सुंदर आहे. नियतही तशी असती तर बरं झालं असतं.'

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने लिहिलं:

'काका, चोराच्या मनात चांदणं. खोट्या नावाने मोठी बोली लावून बाकीच्यांना पळवून लावायचं, मग माघार घेऊन आपल्या खऱ्या नावाने स्वस्तात न्यायचं, ही युक्तीसुद्धा काल जन्मलेली नाही.'

पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की गंमत आहे. घटना त्याच, आणि दोन्ही सिद्धांत त्यांत चपखल बसतात. एवढ्याने कोण खोटं ते ठरत नाही. आणखी निरीक्षणं लागतील.

दरम्यान एक वेगळंच निरीक्षण जमा होत होतं. पार्सल ऑफिसचा रस्ता खरं तर चष्म्याच्या दुकानावरून जात नव्हता. आता जाऊ लागला. कधी काडी सैल व्हायची, कधी नाकावरची गादी बोचायची. एकदा तर काहीच झालं नव्हतं.

"आज काय बिघडलं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"डोकं दुखतं. स्क्रीनकडे बघून बघून."

"स्क्रीनमुळे, की स्क्रीनवरच्या माणसांमुळे?"

"एका काकांमुळे," भिंगरी वैतागून म्हणाली. "कामातले. नुसता छळ मांडलाय."

"मग समदुःखी आहोत. माझ्या मागे एक ताई लागल्यात." त्याने सुस्कारा सोडला. "बसा. डोळे तपासू."

खोलीतला दिवा मंद झाला. त्याने तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, समोर अक्षरांचा तक्ता उजळला. तो इतक्या जवळ उभा होता की त्याच्या बाहीला लागलेला काच पुसायच्या द्रावणाचा वास तिला येत होता. आज बटणं बरोबर होती. तिने मोजून पाहिली आणि मग आपण ती का मोजतोय, याचं तिलाच हसू आलं.

"आधीचं बरं, की आताचं?"

"आताचं."

"आणि आता? आधीचं... की हे?"

भिंगरीने डोळे बारीक केले. "परत दाखवा."

"हे आधीचं... हे आताचं."

"सारखंच आहे. तुम्ही काच बदललीच नाहीत!"

"नाही बदलली." अंधारातही तो हसल्याचं तिला कळलं. "लोक भिडेखातर 'आताचं बरं' म्हणतात. मला वाईट वाटू नये म्हणून. मधे एकदा असं करून बघावं लागतं, म्हणजे कुणाच्या शब्दावर विसंबायचं ते समजतं."

फुलं देणारे, कविता करणारे असतात म्हणे. पण आपल्या मोजमापावर आपणच शंका घेणारा, न बदललेल्या काचेने माणसाचा खरेपणा तपासणारा माणूस तिने प्रथमच पाहिला होता. तिच्या छातीत काहीतरी हललं... आणि ते भौतिकशास्त्रात शिकवलेलं नव्हतं.

"मी पास झाले का?" तिने हळूच विचारलं.

"पहिल्या क्रमांकाने. आता डोळ्याचा पडदा बघायचाय, त्यासाठी बाहुल्या मोठ्या कराव्या लागतील. थेंब घालतो. मग संध्याकाळपर्यंत जवळचं काही वाचता येणार नाही. ना फोन, ना संगणक. चालेल?"

तिने क्षणभर विचार केला. सकाळीच तिने राणीचा तिसरा लिलाव मांडला होता, त्याच संध्याकाळी संपणारा, आणि या वेळी दाराला कडीही घातली होती: विक्रेत्याने आधी परवानगी दिलेल्यांनाच बोली लावता येणार होती. परवानगी तिने जुन्या, पैसे चुकते केलेल्या मोजक्या खात्यांनाच दिली होती. त्यात डावखुराही होता. माणूस तोंडाळ, पण त्याचे जुने व्यवहार स्वच्छ होते. आता सावली येऊन येऊन येणार कुठून?

"घाला," ती म्हणाली.

ती दुपार भिंगरीने दुकानातल्या बाकावर काढली. जग पांढरंफटक आणि विरघळलेलं. फोनवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती, स्वतःच्या तळहातावरच्या रेषाही दिसत नव्हत्या. गिऱ्हाइकं येत-जात होती आणि मधल्या वेळात तो वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवत होता, त्यांतल्या निम्म्या स्वतःच्या मनाने रचलेल्या.

"'शहरात एक तरुणी खोकं खाली ठेवायला तयार नाही. पोलीस चक्रावले.'"

"खोटं!"

"छापलंय इथे. वाचून बघ हवं तर... अरे हो, तुला दिसत नाही."

'तू' केव्हा झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"आरशात पाहिलंस का? बाहुल्या केवढ्या झाल्यात," तो म्हणाला. "तशा त्या थेंबांशिवायही मोठ्या होतात. अंधारात. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर आवडतं माणूस समोर आलं की. म्हणजे... पुस्तकात दिलंय तसं."

बाहेर पाऊस थांबला होता. पन्हळीतून एकेक थेंब पत्र्यावर टपकत होता. दोघंही तो आवाज फार लक्ष देऊन ऐकत राहिले.

संध्याकाळी दृष्टी ताळ्यावर आली आणि भिंगरीने फोन उघडला. राणीचा लिलाव संपला होता. 'मावळती' नावाचं खातं जिंकलं होतं. खाली निरोप: 'चुकून बोट लागलं.' दुसऱ्या क्रमांकावर, अर्थात, डावखुरा. आणि त्याखाली साइटची ताकीद होती: तुमच्या लिलावांत खोट्या बोल्यांचा संशय आहे, पुन्हा असं घडल्यास तुमचं खातं कायमचं बंद करण्यात येईल.

खातं बंद म्हणजे राणी हातगाडीवर. आणि 'खोटी विक्रेती' हा शिक्का भिंगरीच्या कपाळावर. तिने डावखुऱ्याला रोखायचं बटण दाबायला बोट नेलं, पण थबकली. पळपुट्या नावांमागचा चेहरा एकदा बघायचाच. तिने लिहिलं: 'काका, साइटवर तुमचंही गाव हेच दिसतंय. हिंमत असेल तर समोर या. उद्या दुपारी, पार्सल ऑफिस, घड्याळाखाली.'

उत्तर लगेच आलं. 'येतो, ताई. एकदाचं होऊनच जाऊ दे.'

दुसऱ्या दिवशी घड्याळाखाली भिंगरी उभी राहिली, पाठ ताठ, मनात भांडणाचा पहिला परिच्छेद तयार. पार्सलवाल्यांचे शिक्के धाडधाड पडत होते. दारातून चष्मेवाला आत आला आणि तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अरे, तू इथे? मला जरा काम आहे, एका ताईंना भेटायचंय. पाच मिनिटांत..." तो थांबला. घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. घड्याळाखाली दुसरं कुणीच नव्हतं.

"काका?" भिंगरीचा आवाज चिरकला.

"...ताई?"

शिक्के पडत राहिले.

तो डाव्या हाताने स्क्रू पिळत होता. डाव्या हाताने थेंब घालत होता. पदवीधर बाईने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त दोन अधिक दोन करायचे राहिले होते. भिंगरीला रडू येईल असं वाटलं, आणि ते येऊ नये म्हणून ती चिडली.

"म्हणजे तो तू! न बदललेल्या काचा दाखवून लोकांचा खरेपणा तपासतोस आणि इकडे तीन तीन खोटी नावं घेतोस?"

"मी? खोक्यात जुनं सामान आहे, एवढंच सांगणारी तू!" त्याचाही चेहरा पडला होता. रागापेक्षा दुःखच जास्त दिसत होतं त्यावर. "मला वाटलं होतं निदान तू तरी... जाऊ दे. एकच सांग. या वेळी परवानगीशिवाय बोली लावता येत नव्हती. बरोबर?"

"बरोबर."

"आणि परवानगी फक्त विक्रेत्याच्या खात्यातून देता येते. मग मावळतीला आत कुणी घेतलं? मी?"

त्याचा मुद्दा बिनतोड होता. हे तिलाच सुचायला हवं होतं. तिने फोन काढून खात्यातली नोंद उघडली आणि ती त्याच्यापुढे धरली. लपवायचं काहीच नव्हतं.

"दिली आहे परवानगी. माझ्या खात्यातून," ती पुटपुटली. "काल. चार वाजता. पण मी नाही दिली... खरंच नाही..."

त्याने नोंद वाचली. पुन्हा वाचली. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला, बंद खोलीची खिडकी कुणी उघडत न्यावी तसा.

"काल चार वाजता तू कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? तुझ्या दुकानात. बाकावर."

"आणि तुला काय दिसत होतं?"

"काहीच नाही! थेंब घातले होतेस ना तू..."

ती बोलता बोलता थांबली.

"काल चार वाजता तुला स्वतःची बोटंसुद्धा धड दिसत नव्हती," तो सावकाश म्हणाला. "नाव वाचून, शोधून, परवानगी देणं तर सोडूनच दे. तू ते केलेलं असणं शक्य नाही. साक्षीदार मी. आणि मी पूर्ण वेळ तुझ्यासमोर बातम्या रचत होतो."

"म्हणजे तूही नाहीस."

"म्हणजे आपण दोघंही नाही."

भिंगरीने एवढा मोठा श्वास सोडला की शिक्केवाल्याने मान वर करून पाहिलं. कालपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता. चोर सापडला नव्हता, पण तो हा नव्हता... आत्ता एवढं पुरेसं होतं. ती हसायला लागली. तोही.

"तू मला ताई म्हणालास."

"तू मला काका म्हणालीस. ते जास्त लागलं. केस मागे सरकलेत, पण इतके नाहीत."

मग भिंगरीचं हसू हळूच ओसरलं. तिचं खातं आणखी एका ठिकाणी कायम उघडं असतं. स्टुडिओतल्या संगणकावर. आणि स्टुडिओत दुपारी चार वाजता एकच माणूस असतं.

"चल," ती म्हणाली. "काखेत कळसा आहे बहुतेक."

दोघं जिना चढून गेले तेव्हा आत्या संगणकापुढे बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजव्या हाताचं एक बोट हवेत. ते बोट एकेक अक्षर शोधून टोचत होतं. पडद्यावर नवं खातं अर्धवट भरलेलं होतं. नाव: 'कातरवेळ'.

"आत्या!"

आत्या दचकली. "मला मेलीला काय कळतंय त्यात—" सवयीने ती म्हणाली, आणि तिने हाताने संगणकाचा पडदा झाकला.

"सावली तू? संधिप्रकाशही तू?"

"नावं फार छान आहेत," चष्मेवाला मागून हळूच म्हणाला.

"हा कोण?"

"ज्याला तू तीनदा हरवलंस तो."

"अगं बाई! डावखुरा?" आत्याने त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. "तरुण आहे की. मला वाटलं कुणी म्हातारा असेल, चिवटपणे पुन्हा पुन्हा येतोय."

"तुला हे सगळं आलं कुठून?"

"तूच शिकवलंस. रोज पाढे म्हणतेस मोठ्याने. नवं नाव घेतात, बोली लावून पळतात, परवानगी द्यायची तर इथे दाबायचं... मी म्हटलं, बघू तर करून. आणि लिलाव आहे ना? मग मलाही बोली लावायचा हक्क आहे."

"कुंपणानेच शेत खाल्लंस, आत्या! माझं खातं बंद होणार होतं. माझ्यावर खोटेपणाचा आळ आला."

आत्याचा मिश्कील चेहरा क्षणात उतरला. "आळ? तुझ्यावर? ते नव्हतं गं माहीत मला..." तिने राणीच्या पितळी कडीवर हात ठेवला. "तो पहिला लिलाव मांडलास तेव्हा एकाने काय विचारलं होतं, आठवतं? 'आत दिवा बसवता येईल का?' दिवा! माझ्या राणीच्या पोटात! दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी करतील, डोक्यावर फुलदाणी ठेवतील, आणि आयुष्यात पुन्हा कुणी तिच्यातून बघणार नाही. त्यापेक्षा मीच घेते म्हटलं. पुढचं काही सुचलं नाही. आजचा दिवस तरी राहिली, एवढंच वाटायचं."

मग चष्मेवाला पुढे झाला.

"आत्या, मला फोटो काढायचेत हिच्यातून. दिवसभर माणसं समोर बसतात, मी त्यांचे डोळे बघतो, चेहरा बघायचा राहूनच जातो. हिच्यासमोर माणसाला थांबावं लागतं. काढणाऱ्यालाही."

आत्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बोलतोस बरं. भिंगरी, तिकडे उभी राहा, पडद्यापाशी. आणि तू, शिर कापडात."

तो काळ्या कापडाखाली गेला. भाता हळूच पुढे सरकला, थोडा मागे आला.

"काय दिसतंय?"

"सगळं उलटं. भिंगरी डोक्यावर उभी आहे."

"कशी दिसते?"

भाता पुन्हा एकदा पुढे-मागे सरकला. भिंगरीला हात कुठे ठेवावेत कळेना.

"भिडेखातर सांगू, की खरं?"

"खरं."

"आत्या... उलटी उभी आहे तरी नजर हटत नाही."

"लिलाव संपला," आत्या म्हणाली. तिने डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या, पण आवाज खणखणीत होता. "पहिल्या वेळची तुझी बोली, तेवढीच दे. आणि पहिला फोटो माझा, याच खिडकीत. कबूल?"

"कबूल!" कापडाखालून आवाज आला.

भिंगरीने साइटला झालं ते सगळं खरंखरं लिहून पाठवलं, आत्याची चारही नावं आणि चुकून लागलेलं बोट धरून. उत्तर आलं तेव्हा तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं: ताकीद मागे घेण्यात येत आहे, कृपया घरातील ज्येष्ठ व्यक्तींपासून आपलं खातं सुरक्षित ठेवावं.

"ज्येष्ठ म्हणे," आत्या फणकारली आणि चहा ठेवायला आत गेली. जाता जाता तिने मधला पडदा जरा जास्तच ओढून घेतला.

स्टुडिओत मऊसा अंधार उरला. सामान गेलेल्या भिंतींवर फिकट चौकोन होते आणि मधोमध राणी उभी होती, आता कुणाच्याही हातगाडीची नव्हे. चष्मेवाला कापडाखालून बाहेर आला. केस विस्कटलेले.

"तीन वेळा दुसरा आलो," तो म्हणाला. "वाईट वाटत होतं."

"आणि आता?"

"आधीचं बरं की आताचं, असं विचारतेस?" तो एक पाऊल पुढे आला. "आताचं. आणि हे भिडेखातर नाही."

तो तिच्या डोळ्यांत पाहत होता, तपासताना पाहायचा तसा... नाही, तसा नाही.

"बाहुल्या मोठ्या झाल्यात तुझ्या," तो हळूच म्हणाला. "आज थेंब घातलेले नाहीत."

"खोलीत अंधार आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. खिडकी उघडून बघायला हवं. उजेडातही तशाच राहिल्या तर..."

"तर?"

"तर मानावं लागेल."

खिडकी दोन पावलांवर होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि तो जागचा हलला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "तू असंच सांग. तुझ्या शब्दावर विसंबता येतं, हे मी तपासलंय."

आणि भिंगरीने सांगितलं.